कस्टमकाकांचं हसू

ईसा टाउनमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी सुट्टीवर निघालं, की आदल्या संध्याकाळी कस्टमकाका हजर. न बोलावता. दारातूनच विचारायचे, "काय काय नेताय लोकांचं?" आणि महत्प्रयासाने बंद केलेल्या बॅगा पुन्हा उघडायला लावायचे. बहरीनहून गावी जाणारा माणूस स्वतःचं सामान थोडं आणि दुसऱ्यांचंच जास्त नेतो, हे आखातात राहिलेल्या कुणालाही सांगायला नको. कुणाच्या आईसाठी दुधाची पावडर, कुणाच्या भाच्यासाठी बूट, कुणाच्या सासूबाईंसाठी बाम. नाही म्हणायची सोय नसते, कारण पुढच्या वर्षी आपणही त्यांच्या गळ्यात पुडकं मारणार असतो. काका त्यातलं एकूण एक पुडकं उघडून बघायचे. इथल्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी नातीसाठी पाठवलेल्या बाहुलीचं मुंडकंसुद्धा त्यांनी पिरगाळून बघितलं होतं. मुलांनी त्यांना कस्टमकाका म्हणायला सुरुवात केली आणि मोठ्यांनी तेच उचललं.

मूळचे साताऱ्याकडचे. आयुष्यभर सरकारच्या हेरखात्यात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर मनामातल्या एका व्यापाऱ्याच्या गोदामांची सुरक्षा बघायला इकडे आले. जवळच्या सनद गावात एकटेच राहायचे. पहिल्याच भेटीत मी विचारलं, "हेर म्हणजे नक्की करायचात काय?" मी पडले शाळामास्तरीण, आडून विचारणं मला जमत नाही. ते म्हणाले, "वाट बघायचो. बहुतेक वेळा कुणी यायचंच नाही."

त्यांची जोडी मॅकशी. मॅक कॅनडाचा, तिथल्या गुप्तचर खात्यातून निवृत्त झालेला, इथे एका कंपनीचा सल्लागार. ऐंशीच्या दशकात काकांची नेमणूक कॅनडात होती, तेव्हा दोन्ही देशांच्या बैठकांत हे दोघं एका टेबलाच्या दोन बाजूंना बसायचे. पुढे इथे बहरीनमध्ये, जिदहफ्सच्या बाजारात मासे घेताना अचानक समोरासमोर आले आणि भर बाजारात गळाभेट झाली. तेव्हापासून दर शुक्रवारी दुपारी दोघं आमच्याकडे जेवायला. दोघांनाही स्वयंपाक येत नव्हता आणि माझ्या नवऱ्याला अशा गप्पा ऐकायची भारी हौस.

काय हसवायचे हो! काका म्हणायचे, "कॅनडाची सुरक्षा म्हणजे दार सताड उघडं आणि आत हीटर चालू. अतिरेकी आला तर आधी त्याला कॉफी विचारतील."

"साफ खोटं," मॅक म्हणायचा. "आधी बूट काढायला सांगू." त्याचं इंग्रजी संथ, चेहरा मख्ख. "आम्ही देशाच्या शत्रूंची क्रमवारी लावली होती. पहिला जानेवारी. दुसरा फेब्रुवारी." एकदा म्हणे त्यानं एका संशयितावर पाळत ठेवली, तर तो निघाला दुसऱ्या सरकारी खात्याचा माणूस, जो मॅकवरच पाळत ठेवून होता.

"मग काय केलंत?" माझ्या नवऱ्यानं विचारलं.

"मी सॉरी म्हणालो. तोही सॉरी म्हणाला. मग दोघांनी मिळून जेवण घेतलं."

आमची धाकटी मराठी ऐकायची आणि उत्तर इंग्रजीत द्यायची. एका शुक्रवारी तिनं विचारलं, "अंकल, डिड यू एव्हर मिस वन?" तुमच्या हातून कुणी निसटला का कधी? मॅक उठला, सगळ्यांची ताटं गोळा केली आणि मोरीपाशी जाऊन घासत बसला. काका आमटीच्या रिकाम्या वाटीकडे बघत राहिले. घरात एकदम इतकं थंड वाटलं की मी उठून एसी बंद केला. बाहेर उन्हाळा मी मी म्हणत होता.

त्याच उन्हाळ्यात मी मुलांना घेऊन मुंबईला निघाले. नवऱ्याच्या ऑफिसातले इब्राहिमभाई, रत्नागिरीकडचे, आईसाठी कापडात शिवलेलं पुडकं घेऊन आले. इतके सभ्य, की खुर्चीच्या कडेला बसले होते. तेवढ्यात काका आले, पुडकं हातात घेतलं आणि म्हणाले, "कात्री दे."

माझं टाळकं फिरलं. "काका, पुरे झालं हं! माणूस समोर बसलाय आणि त्याच्या आईचं पुडकं उसवताय? काही लाज?"

"राहू दे भाभी," इब्राहिमभाई म्हणाले. "उघडा काका, बिनधास्त." पण त्यांचे कान लाल झाले होते.

आत स्वेटर, खजूर आणि एक कॅसेट. काकांनी ती आमच्या टेपवर लावली. इब्राहिमभाईंचा आवाज आला, "अम्मी, मी बरा आहे. जेवतो वेळेवर. तू रडू नको..." काकांनी टेप बंद केला. कुणी कुणाकडे बघेना.

मग काकांनी माझ्याकडून सुईदोरा मागून घेतला आणि ते पुडकं पुन्हा शिवायला बसले. शिवता शिवता बोलायला लागले. "इब्राहिम, तुझ्यावर संशय नाही रे. मी सगळ्यांचंच उघडतो. कॅनडात असताना आमच्या कानावर आलं होतं, आपल्या विमानाला काहीतरी करणार आहेत. मी बैठकीत सांगितलं. मॅक म्हणाला, हा म्हणतोय ते खरं आहे. तर मॅकचा एक वरिष्ठ म्हणाला, ही कट करणारी तुमची भारतीय मंडळी विमानतळावर वेळेत तरी पोचतील का? सगळे हसले. मीही हसलो. परक्या देशात पाहुणा होतो, तोंड पाडून बसलो तर वाईट दिसेल, म्हणून. हसलो आणि विषय संपला. लगेच पुढचा मुद्दा घेतला त्यांनी."

"मग?" मी विचारलं.

"मग एक बॅग विमानात चढली. बॅगेचा मालक चढलाच नाही. बॅगेत बॉम्ब होता. विमान समुद्रात पडलं. मुलं होती गं त्यात, सुट्टीला आजीकडे निघालेली." माझी दोन्ही मुलं तिथेच बॅगांवर बसून खेळत होती. काका म्हणाले, "मी हसलो नसतो, टेबलावर मूठ आपटली असती, तर?" आणि दोरा दातांनी तोडला. मी त्यांना जे बोलले होते, त्यातला एक शब्दही मला परत घेता येत नव्हता.

त्या विमानातल्या लोकांचे नातेवाईक दर वर्षी, ते पडलं त्या समुद्राकाठी, परदेशातल्या एका किनाऱ्यावर जमायचे. मॅक तिथे जायचा, मागे उभा राहायचा, परत यायचा. काकांना दर वर्षी चल म्हणायचा आणि काका म्हणायचे, "कुठल्या तोंडानं येऊ?" पुढच्या उन्हाळ्यात मीच त्यांच्या मागे लागले. "आहे त्याच तोंडानं जा. निदान माफी तरी मागून या." हो ना करता करता गेले एकदाचे.

त्यानंतर वर्षभरात त्यांनी बहरीन सोडलं, आणि साताऱ्याला फार दिवस काढले नाहीत. पण मला ते आठवतात ते त्या प्रवासाहून परतल्यानंतरच्या शुक्रवारचे. पुढ्यात ताट होतं, हात लावला नव्हता.

"मागितलीत माफी?" मी विचारलं.

"मागणार होतो. शेजारी एक म्हातारी बाई येऊन बसली. आपल्याकडचीच. मला विचारते, तुमचं कोण होतं? माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिला वाटलं, दुःखानं. तिनं माझा हात धरला आणि मुलाचं सांगायला लागली. फार वात्रट होता म्हणे. निघताना आईला म्हणाला, रडतेस कशाला, आता फ्रीजमधलं सगळं आइस्क्रीम तुझंच! हे सांगून ती हसली आणि माझ्याकडे बघत राहिली, मी हसतोय का म्हणून."

"मग तुम्ही?"

"हसलो." काकांचा चेहरा वेडावाकडा झाला. "इतकी सुखावली गं ती. माझा हात थोपटून म्हणाली, बरं झालं तुम्ही आलात. त्याच्या गोष्टीला इतक्या वर्षांत कुणी हसलंच नव्हतं."