उसनी अधिकारी

माझी धाकटी नणंद मानवी हक्क आयोगात तपास अधिकारी होती, पण आयोगाची नव्हती. पोलीस खात्याने तिला तिथे उसनी दिली होती, आणि पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचा तपास तिच्याकडेच असायचा. टेबल आयोगाचं, बढती खात्याच्या हातात. तक्रारदार समोर बसला की ती आधी सांगायची, "मी मूळची पोलिसातली. चालत असेल तर बोला." काही जण पिशवी उचलून निघून जायचे. खात्यातले जुने सोबती तिला फितूर म्हणायचे. आयोगातले तिच्यासमोर जपून बोलायचे. लग्न तिने केलं नव्हतं. त्या कामावर मात्र तिचा जीव होता.

त्या वर्षी आयोगाच्या मानांकनाचा फेरआढावा होता. आयोग सरकारच्या मुठीत नाही ना, हे एक आंतरराष्ट्रीय समिती पाहते आणि 'अ' की 'ब' असा दर्जा ठरवते. मुलाखती संगणकाच्या पडद्यावर व्हायच्या होत्या. आदल्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली.

"वहिनी, अध्यक्ष म्हणतात, उसन्या माणसांचा विषय निघाला तर जरा गुळमुळीत बोला."

"मग बोल की. तुझ्या आईपुढे मी जन्मभर तेच केलं."

"आणि आईने तुम्हाला कुठे 'अ' दर्जा दिला?"

आम्ही दोघी हसलो. मग ती चहाच्या कपाशी चाळा करत म्हणाली, "खरं सांगितलं तर समिती म्हणणार, उसनी माणसं परत करा, स्वतःची नेमा. म्हणजे आधी मीच जाणार."

"आणि नाही सांगितलंस तर?"

"तर राहीन."

तिने सल्ला मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी समितीतल्या बाईंनी विचारलं, तुमच्याच जुन्या साहेबांविरुद्ध तक्रार आली तर? ती म्हणाली, "आली होती. मी तपास पूर्ण केला. तेव्हापासून माझी बढती अडली आहे. माझ्या जागी दुसऱ्या कोणी तो केला असता की नाही, याची खात्री मी देऊ शकत नाही." शेजारी बसलेले अध्यक्ष म्हणे चष्मा पुसत राहिले.

समितीने निर्णय पुढे ढकलला आणि तपासासाठी आयोगाची स्वतःची माणसं नेमायला सांगितलं. आयोगाने ती नेमली, दर्जा टिकला. त्या जागेसाठी अर्ज करण्याचं हिचं वय उलटून गेलं होतं. ती खात्यात परत गेली.

तिथे तिला टपाल घेण्याच्या खोलीत बसवलंय. ती डबा उघडते तेव्हा बाकीचे आपापले डबे उचलून दुसऱ्या खोलीत जातात. म्हणून हल्ली ती दुपारी माझ्याकडे जेवायला येते. जवळच पडतं म्हणते. मधे बस बदलावी लागते, हे मला ठाऊक आहे.

काल ती ताटं विसळत रेंगाळली. मी म्हटलं, "उशीर होईल ना गं तुला?"

"होऊ दे," ती म्हणाली. "तिथे कोण माझी वाट बघतंय?"

मी फडकं घेऊन तिच्या शेजारी उभी राहिले आणि एकेक ताट सावकाश पुसत राहिले.