विषयाबाहेर

लोकांना वाटतं, मालिकेबद्दल फोन करून मत सांगितलं की ते थेट लेखकाच्या कानात जातं. कसलं काय! ते आधी ताईच्या कानात जायचं. ताई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, खिडकी नसलेल्या खोलीत हेडफोन लावून बसलेली सत्तेचाळीस वर्षांची बाई. अख्खं ऑफिस तिला ताई म्हणायचं. साहेबसुद्धा म्हणायचा, आणि तो तर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा होता.

काम तसं सोपं होतं. मंगळवारी संध्याकाळी आठला मालिका लागायची आणि शेवटी पडद्यावर एक नंबर यायचा. लोक फोन लावायचे, शिट्टी वाजली की दोन मिनिटं बोलायचे. बुधवारपासून ताई ते सगळं ऐकायची, प्रत्येकाचं सार एका ओळीत टाइप करायची आणि चारांपैकी एक बटण दाबायची. स्तुती, तक्रार, सूचना, विषयाबाहेर. एकसारख्या पन्नास सूचना जमल्या की त्या वर लेखकांकडे जायच्या. विषयाबाहेरचं मात्र शुक्रवारी पुसलं जायचं. त्यात काय नसायचं? कुणाचा नळ गळतोय, कुणाची सून बोलत नाही. एका आजोबांनी तर दोन्ही मिनिटं आपल्या पोपटाला बोलायला दिली होती, आणि पोपट काही बोलला नव्हता.

मालिका विनोदी होती. मोठ्या शहरातली नोकरदार मुलगी दर आठवड्याला नव्या माणसाला भेटायला नटूनथटून जाते. कॉफी येते, तो काहीतरी गोड बोलायला तोंड उघडतो, आणि तेवढ्यात घरून आईचा फोन येतो. "छातीत कळ आलीय गं!" मुलगी धावतपळत घरी पोचते, तर आई सोफ्यावर पाय पसरून बिस्किटं खातेय. या कळेवर लोक जीव टाकायचे. "तिचं लग्न राहू द्या हो, कळ वाढवा," असं एका गृहस्थाने सांगितलं होतं, आणि त्याच्यासारखे आठवड्याला चारशे जण होते.

ताई या कामावर आली त्याला तीन महिने झाले होते. त्या ऑफिसात निरनिराळ्या कंपन्यांचे फोन यायचे, आणि त्याआधी ती तिथेच पंख्यांच्या तक्रारी घ्यायची. या बदलीबद्दल घरी मात्र ती ताकास तूर लागू देत नव्हती. सांगितलं असतं तर आईने 'पुढे काय होणार, पुढे काय होणार' करून डोकं खाल्लं असतं, असं तिला वाटायचं. म्हणून रोज संध्याकाळी आई विचारायची, "काय म्हणतायत पंखे?"

"फिरतायत," ताई सांगायची.

मंगळवारी दोघी मालिका बघायच्या. कळ आली की ताई हसायची. खरं तर दिवसभर तेच ऐकून तिचे कान किटलेले असायचे, पण आईला सोबत म्हणून हसायची. आई हसत नसे. तिला ऐकू कमी येत असेल, अशी ताईने स्वतःची समजूत घातली होती.

अकरा वर्षांपूर्वी ताईला एकाने विचारलं होतं. तो जमिनीच्या मोजणीच्या खात्यात होता. उंच, जरा वाकलेला, बोलताना समोरच्याकडे न बघता बुटांकडे बघणारा. त्याची बदली झाली होती, आणि जाण्याआधी त्याला हो की नाही एवढं हवं होतं. शनिवारी पाच वाजता बागेच्या फाटकाशी भेटायचं ठरलं. ताईने साडीला इस्त्री केली आणि साडेचारला आईच्या छातीत कळ आली. डॉक्टरांना काही सापडलं नाही. "तरी जपा, मीठ बंद करा," ते म्हणाले. पुढच्या शनिवारी तो मुद्दाम एवढ्या लांबून पुन्हा आला, आणि पुन्हा कळ आली. त्यानंतर तो आला नाही. आता त्याला दोन मुलं आहेत, हे ताईला कुणीतरी न विचारता सांगितलं होतं.

ताईने आईला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. गोळ्या घड्याळ लावून दिल्या. आई अळणी जेवते म्हणून तीही अकरा वर्षं अळणी जेवली.

त्या बुधवारी सकाळचा सतरावा फोन. आधी कुणीतरी घसा खाकरला. मग एक स्टूल कुरकुरलं. ते स्टूल ताईच्या घरातलं होतं.

"हॅलो... झालं का सुरू? मी एक प्रेक्षक बोलतेय. वय एकोणऐंशी. त्या आईला हसता ना तुम्ही, हसा. पण एकदा तिला मुलीला खरं सांगू द्या. मी केलंय तसं. कळबीळ काही नव्हती मला. एक जण विचारत होता माझ्या मुलीला, चांगला होता. ही गेली की मी एकटी, एवढंच दिसलं मला. दोनदा केलं. आता रोज म्हणते आज सांगेन, पण जीभ रेटत नाही. ती शेजारी बसून बघते हो तुमची मालिका. त्या आईने पडद्यावर सांगितलं ना, की मी लगेच, तिच्या पाठोपाठ... तेवढं करा, म्हणजे..."

दोन मिनिटं संपली.

ताईने ते तीनदा ऐकलं. शेजारच्या खुर्चीवरच्या मुलीने विचारलं, "ताई, काय झालं?"

"एकीचा नळ गळतोय," ताई म्हणाली.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. तिला संताप आला, आणि तो कुणावर काढायचा हेही कळेना, कारण एकोणऐंशी वर्षांच्या म्हातारीवर संतापूनसुद्धा माणसाला नीट संतापता येत नाही. आजारी आईसाठी आपण सगळं सोडलं, एवढी एकच मोठी गोष्ट तिच्या नावावर होती. आता तीही राहिली नव्हती.

पन्नास सूचना हव्या होत्या. कुणी तपासत नव्हतं. तिने टाइप करायला घेतलं. 'आईने मुलीला खरं सांगावं.' एक, दोन, दहा, अठरा. एकोणिसाव्याला तिचे हात थांबले. तिला आपली बाहेरची खोली दिसली. पडद्यावरच्या आईचं बोलून झालंय आणि शेजारची आई आपल्याकडे वळलीय. मग काय? 'जाऊ दे, आई' म्हणावं लागणार. ते तिला जमलं नसतं, आणि न म्हणणंही जमलं नसतं. आईने सांगितलं की आई सुटेल. आपण कशातून सुटणार? फाटकाशी आता कुणीही उभं नाही.

तिने अठराही ओळी खोडल्या आणि विषयाबाहेर दाबलं.

पुढच्या मंगळवारी मालिकेत कळ आली, बिस्किटं आली. ताई नेहमीपेक्षा मोठ्याने हसली. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत अगदी शेवटी नंबर येईपर्यंत डोळे लावून बसली होती.

"नाहीच," ती म्हणाली.

"काय नाही?"

"काही नाही गं." मग बोटाचा पदर सोडवत, "ते फोन कुणी ऐकतं का खरंच? तुमच्याकडे पंख्यांचे ऐकतात तसे?"

ताई ताटं उचलत होती. "मशीन असतं, आई. कुणी ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी नववा फोन. घसा खाकरला, स्टूल कुरकुरलं.

"कुणी ऐकत नाही म्हणे. बरंच झालं." मग बराच वेळ नुसता श्वास. ताईने आवाज मोठा केला. अगदी शेवटी, दोन मिनिटं संपायला आली असताना आई म्हणाली, "बाळ, चुकलं गं माझं."

संगणकावर सार लिहायची एका ओळीची जागा रिकामी होती आणि मागे चारशे छत्तीस फोन थांबले होते. ताईने टाइप केलं, 'नळ गळतोय', आणि बटण दाबलं. शुक्रवारी ते पुसलं गेलं.

त्या संध्याकाळी जेवताना आईने विचारलं, "काय म्हणतायत पंखे?"

"फिरतायत," ताई म्हणाली, आणि तिने आईला भाजी वाढली.