रंगूबाईंनी लावलेली टिकली

आमच्या थोरल्या जावबाई, रंगूबाई, कशालाच नावं ठेवत न्हाईत. आमटी खारट झाली तरी बरी हाय. शिंप्यानं झंपर आखूड शिवला तरी बरा हाय. वैरणीचे भारे वाहून मान धरली, वळंना झाली, तरी आपलं बरं हाय. मला असला राग येतो! भीड भिकेची बहीण, असं लाख येळा सांगितलं त्यांना. ऐकतंय कोण?

त्यांची लेक राजनंदिनी बारामतीच्या एमआयडीसीत शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारखान्यात कामाला हाय. चित्र काढून अवजार कसं असावं ते ठरवायचं, हे तिचं काम. आईच्या डोक्यावरचा भारा उतरवायचाच, म्हणून तिनं वैरणीचा हातगाडा बनवायचं मनात घेतलं. मालक म्हणला, आधी बायकांना इचार. त्यांची अडचण काय ते कळलं तर बनवू, न्हायतर इषय सोड.

मग पोरगी चित्रं घेऊन हितं आमच्या निमगावाला आली. एका चित्रात बाई वैरण कापतीय, दुसऱ्यात भारा गाड्यात टाकतीय, पुढं बांधावरून ढकलतीय, शेवटी गोठ्यात. गाडा अजून कागदावर हाय, आत्ताच चुका काढा, लोखंड जोडल्यावर काय उपयोग न्हाय, असं तिनं समजावलं. शेजारच्या बायका मीच गोळा केल्या व्हत्या.

पण चित्रातली बाई हिरव्या लुगड्यातली, ठसठशीत बांध्याची. बघताक्षणी सगळ्या म्हणल्या, ही तर आक्काबाई! शेजारची आक्काबाई तितंच बसलेली. झालं. गाडा राहिला बाजूला, आक्काबाई वैरण कापती तरी कवा, ह्यावरच गाडी घसरली. ती फुगून बसली. भांडण नको म्हणून सगळ्यांनी गाडा लई झाक हाय म्हणून सांगितलं आणि चहा पिऊन गेल्या. रंगूबाई बी म्हणल्या, बरा हाय. पोरगी रडकुंडीला आली. मी म्हणलं, अगं, त्या बाईचं तोंडच पुसून टाक.

आठवड्यानं ती परत आली. ह्या बारीला बाईला तोंड न्हवतं, लुगड्याला रंग न्हवता, नुसत्या पेन्सिलीच्या रेघा. शिवाय सासवांम्होरं सुना बोलत न्हाईत हे तिला ठावं; म्हणून टिकल्यांची पाकिटं आणलेली. जितं अडंल तितं टिकली लावा, बोलायची गरज न्हाय. मग काय इचारता! बांधाचं चित्र टिकल्यांनी भरलं. चाक बारीक हाय, चिखलात रुतंल, असं सुना आपणहून बोलायला लागल्या. आक्काबाई तर सगळ्यांत पुढं.

रंगूबाई कडंला बसल्या व्हत्या. हळूच उठल्या आणि भारा गाड्यात टाकायच्या चित्रावर टिकली लावली.

"हितं दुसरं माणूस लागतंय," त्या म्हणल्या. "मी एकलीच असते. मला न्हाय जमायचं."

 राजनंदिनीनं लगेच ते खोडलं आणि गाड्याचं तोंड खाली वाकवून काढलं. रंगूबाई म्हणल्या, आणखी खाली. तिनं पुन्हा खोडलं. शेवटी तोंड भुईला टेकलं.

"हां. आता भारा आत लोटायचा. एकली भरीन मी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

मालकाला ते चित्र पटलं, गाडा बनतोय. तवर वैरण डोक्यावरच येतीय. पण रंगूबाई रोज रानातनं येताना बांधावरचे दगड पायानं बाजूला सारत्यात. गाड्याला वाट करत्यात.