व्यंकटरावांची सोळा कलमं

व्यंकटरावांनी वाघ पाहिलेला नव्हता. ही गोष्ट अख्ख्या जगात दोघांनाच ठाऊक होती, त्यांना आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाईंना. बाकी सिडकोतल्या सगळ्यांसाठी ते वाघवाले काका होते. अकरा वर्षांत चार वेळा ताडोबाला गेले, चारही वेळा हात हलवत परतले, आणि चारही वेळा ज्येष्ठ नागरिक संघात वाघावर व्याख्यान ठोकून मोकळे झाले. व्याख्यानातला वाघ दर खेपेला वीतभर वाढत असे. प्रमोदिनीबाई मागच्या रांगेत बसून ऐकायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून गप्प राहायच्या.

यंदा शेजारचा इंद्रजीत आणि त्याची बायको दीपमाला सोबत निघाले. व्यंकटरावांना वाघ दिसायलाच हवा होता. एकदा दिसला की मागच्या चारही थापा आपोआप पवित्र होणार, असा त्यांचा हिशेब होता.

सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेला माणूस, परिपत्रक काढल्याशिवाय जंगलात कसा जाईल? सोळा कलमांचा कागद प्रत्येकाच्या हाती आला. कलम सात: मोबाईल गेटवर जमा होतातच, कॅमेराही आणू नये, जंगल डोळ्यांनी बघावं. कलम नऊ: जिप्सीत कोणी बोलू नये. नववं कलम अर्थातच काढणाऱ्याला लागू नव्हतं.

सकाळी आत शिरताच गाईड बन्सी एकेक दाखवू लागला. चितळांचा कळप आला. व्यंकटराव म्हणाले, शेळ्यांसारखी चरतायत, पुढं चला. गवा आला, डोंगराएवढा. ते म्हणाले, पाचोडच्या बाजारात म्हशी काय कमी आहेत? मोराकडे तर त्यांनी मानही वळवली नाही. दीपमालाला तळ्यातली मगर अजून बघायची होती, पण काका म्हणाले, "त्यात काय बघायचं?" आणि गाडी हलली.

एका वळणावर झाडावरचं वानर खॅक-खॅक ओरडू लागलं. बन्सीने गाडी थांबवली, ओठांवर बोट ठेवलं. आता इतकी आयती संधी कोण सोडतो? व्यंकटराव उभे राहिले, समोरच्या दांड्याला पाठ टेकली, मंडळींकडे तोंड केलं आणि दबक्या आवाजात सुरू झाले. वानर उंचावरून वाघाला पाहतं, मग चितळाला सावध करतं, चितळ शेपटी उभारतं, वगैरे वगैरे. तिघांची तोंडं उघडी पडलेली पाहून त्यांना वाटलं, विषय भिडतोय.

प्रमोदिनीबाईंनी त्यांच्या पाठीमागे बोट दाखवलं.

"कलम नऊ," व्यंकटराव म्हणाले.

"साहेब, मागं," बन्सी कुजबुजला.

"प्रश्न शेवटी."

ते वळले तेव्हा रस्त्याकडेचं गवत तेवढं हलत होतं. वाघ सावकाश रस्ता ओलांडून गेला होता. मध्ये थांबून त्याने जिप्सीकडे पाहिलंही होतं, म्हणजे त्याला व्यंकटराव दिसले होते. एकाकडेही कॅमेरा नव्हता.

परतताना दीपमालाला दया आली.

"जाऊ द्या काका, तुम्ही तर कितीतरी पाहिलेत."

व्यंकटरावांनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

घरी आल्यावर आठ दिवस त्यांना जेवण गोड लागेना. इंद्रजीतने कॉलनीभर डंका पिटला होता, आणि वाघ कसा होता हे काकांना विचारायची कोणाला गरजच पडत नव्हती. संघाचं व्याख्यान ठरलं, पण या वेळी वक्त्या म्हणून प्रमोदिनीबाईंचं नाव फळ्यावर लागलं. शनिवारी सकाळी चहा घेताना व्यंकटरावांनी वर्तमानपत्राआडून हळूच विचारलं, "नेमका कसा होता गं तो?"

प्रमोदिनीबाईंनी बशी खाली ठेवली.

"उद्या सांगणारच आहे सगळ्यांना. पुढच्या रांगेत बसा, आणि मध्ये बोलू नका."