पुष्पावतीचा डावा अंगठा

राधाकृष्ण मास्तरांना टायपिंग येत होतं, एवढं मान्य करून टाकतो. त्यापलीकडे त्यांना काही येत नव्हतं, आणि ते आम्हाला जास्त करून त्यापलीकडचंच शिकवायचे. मुलींनी कसं बसावं, सरस्वतीला कोणता हात चालतो, साहेबापुढे मान किती वाकवावी.

नगरात दाळमंडईच्या मागच्या गल्लीत पिठाच्या गिरणीवर त्यांचा क्लास होता. खाली गिरणीचा पट्टा, वर सात मशिनं. कुणाचंच कुणाला ऐकू यायचं नाही, हा त्या क्लासचा एकमेव गुण. एकाहत्तर साल होतं. कचेऱ्यांना मराठी टायपिस्ट पाहिजे होते, म्हणून मॅट्रिक झालेला जो तो त्या माडीवर चढत होता. मी, बन्सी, त्यातलाच एक.

पुष्पावती ठुबे केडगावाहून चालत यायची. बापाची, आसारामची, कोरडवाहू जमीन होती. पोरगी मॅट्रिक झाली तेव्हा भावकीनं पेढ्याऐवजी टोमणे वाटले. पोर डावरी. शाळेत मास्तरांनी बोटांवर पट्ट्या मारून मारून लिहिणं उजव्या हातावर आणलं आणि आई मालनबाईनं जेवणं. पण विळा, झाडू, विहिरीचा दोर हे सगळं डाव्याच हातात राहिलं, कारण त्या कामांकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

टायपिंगमध्ये दोन शब्दांमधली जागा सोडायला खाली एक लांब पट्टी असते. ती उजव्या अंगठ्यानं दाबायची, असा मास्तरांचा नियम. पुष्पावतीचा डावा अंगठा आधी पडायचा. तिसऱ्या दिवशी मास्तरांनी ते पाहिलं.

"डावा? या मशिनाची पूजा करतो मी दसऱ्याला!"

"चुकून पडतो मास्तर."

"चुकून नाही, वळण नाही म्हणून." आणि त्यांनी रिबनची जुनी चिंधी घेऊन तिचा डावा अंगठा तळहाताशी बांधून टाकला. सगळा क्लास हसला. मी जरा जास्तच हसलो. मास्तरांच्या डोळ्यांत भरायचं होतं मला.

ती बांधल्या अंगठ्यानं टाइप करत राहिली. ओळ संपली, घंटी वाजली, आणि तिनं डाव्या हातानं वरची दांडी ढकलून रूळ मागे नेला. मग हात तसाच वर धरून विचारलं, "मास्तर, ही दांडी डावीकडंच का केली असंल?"

मास्तर पंधरा वर्षं ती दांडी डाव्या हातानं ढकलत होते. त्यांना तोपर्यंत ती दिसली नव्हती.

"विलायतेत केली म्हणून," ते म्हणाले. "त्यांच्यात शौचाचा विधिनिषेध नसतो."

हे असलं उत्तर आम्ही वहीत लिहून घ्यायचंच तेवढं बाकी ठेवलं.

सातांपैकी सहा मशिनं जुन्या मांडणीची होती. त्यांत रोज लागणारी अक्षरं बरीचशी उजव्या हाताखाली. सातवं मशीन नव्या मांडणीचं. त्यात तीच अक्षरं दोन्ही हातांत वाटलेली, आणि डाव्या बोटांना चांगलं काम. पुढे कचेऱ्यांत नवीच मांडणी येणार, असं विकणारा सांगून गेला होता. मास्तरांना ती येत नव्हती. म्हणून ते तिला 'डावऱ्यांची मांडणी' म्हणत आणि मशिनावर खोळ घालून ठेवत. एकदा रागाच्या भरात ते पुष्पावतीला म्हणाले, "जा, बस त्या तुझ्या मशिनावर. माझी सहा बाटवू नकोस."

ती गेली. अंगठ्याची चिंधी सोडून खिडकीबाहेर टाकली आणि बसली. पहिल्या ओळीला वेळ लागला, पण दहाव्या ओळीला तिचा चेहरा असा खुलला की मला हसू येईना, आणि त्याचं कारण मला तेव्हा कळलं नाही. आता कळतं. मला तिचा हेवा वाटला होता.

मास्तरांनी तिला एक अक्षर शिकवलं नाही, फी मात्र बिनचूक घेतली. तिनं सदऱ्याच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर चौकोन आखून अक्षरं लिहिली आणि घरी त्याच्यावर बोटं चालवली. आसाराम शेजाऱ्यांना सांगायचा, "पोरगी पुठ्ठ्यावर पेटी वाजवती. आवाज न्हाई, पर ताल हाय."

परीक्षेचा अर्ज मास्तरांनी भरला, आणि मांडणीच्या रकान्यात 'जुनी' लिहिलं. चुकून की मुद्दाम, हे मी ठरवत बसणार नाही. इतक्या हलक्या माणसाच्या बाबतीत दोन्ही सारखंच. पुष्पावती केंद्रावर जुन्या मशिनासमोर बसली. तिनं सांगून पाहिलं, पण पर्यवेक्षकानं अर्जावर बोट ठेवलं. ती नापास झाली. मी पास झालो. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "डाव्या हातचं काम कधी सिद्धीला जात नाही."

बहात्तरचा दुष्काळ पडला आणि मला नोकरी लागली. तिसगावात दुष्काळी कामांचं तात्पुरतं ऑफिस उघडलं, तिथं मी टायपिस्ट. हेडक्लार्क आप्पासाहेब म्हणजे मास्तरांचा थोरला अवतार. सही करताना श्वास रोखणारा माणूस. पहिल्या महिन्यात नगरहून मशीन आलं. खोळ काढली आणि बोटं ठेवली. नवी मांडणी. मला 'क' सापडेना.

टँकर कोणत्या गावांना जाणार याची यादी दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं नगरला पोचायची होती. अठ्ठेचाळीस गावं, चार प्रती. मी दोन तासांत तीन गावं टाइप केली, त्यांतलं एक चुकीचं. आप्पासाहेब डोक्यावर उभे.

"सर्टिफिकेट तुमचंच ना?" ते म्हणाले.

मग मी पुष्पावतीचं नाव सांगितलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं शहाणपण, आणि तेही अडला हरी म्हणून.

"परीक्षा नापास पोरगी? आणि डावरी?" आप्पासाहेबांनी नाक मुरडलं. पण दुसरं कोणी नव्हतं. निरोप धाडला. सकाळच्या पहिल्या एसटीनं ती बापाबरोबर आली. धुळीनं माखलेली. पाणी प्यायली आणि मशिनासमोर बसली. यादीचा कागद तिनं उजव्या बाजूला ठेवायला लावला, म्हणजे दांडी ढकलताना डावा हात मोकळा. इतकी साधी गोष्ट मला कधी सुचली नव्हती.

आणि मग ती सुरू झाली. आप्पासाहेबांना राहवेना.

"बाई, तो डावा अंगठा जरा... सरकारी कागद आहे हा."

तिनं हात थांबवला नाही. "साहेब, ह्या गावांना पानी पायजे. डाव्या हातानं नावं लिवली म्हनून टँकर उलटा पळंल का?"

दारात बसलेला आसाराम मोठ्यानं हसला. आप्पासाहेब टेबलावरचे कागद नीट करू लागले. ते आधीच नीट होते. अकराच्या आत अठ्ठेचाळीस गावं चार प्रतींत बाहेर पडली. मी टाचण्या लावल्या. माझ्या सर्टिफिकेटचा तेवढाच उपयोग झाला.

ती दुष्काळ सरेपर्यंत तिथं राहिली, आणि तिनं मला नवी मांडणी शिकवली. शिकवताना एकदाही जुनं काढलं नाही. मीच एकदा म्हणालो, "तेव्हा मी हसलो होतो."

"ठाव हाय, बन्सीभाऊ. सगळ्यांत मोठ्यानं." एवढंच, आणि पुढची ओळ सांगितली.

पुढच्या खेपेला तिनं अर्ज स्वतः भरला, रकाना दोनदा तपासला, आणि चांगल्या गुणांनी पास झाली. चौऱ्याहत्तरला नगरच्या एका कचेरीत कायम झाली. तोवर सगळीकडे नवी मशिनं आली होती आणि राधाकृष्ण मास्तरांचे विद्यार्थी ओळीनं नापास होत होते. तेव्हा मास्तर तिच्या टेबलापाशी आले. मी कामानिमित्त तिथंच होतो. तिनं पान पूर्ण होईपर्यंत त्यांना उभं ठेवलं, मग खुर्ची दिली.

"पुष्पावतीबाई, रविवारचं आमच्या पोरांना जरा..."

"एक वळ टाइप करा मास्तर. तुमचंच नाव."

मास्तरांनी बोटं ठेवली. 'र' सापडेपर्यंत शिपाई चहा ठेवून गेला. "मशीन जड आहे," ते म्हणाले.

"जड न्हाई. सवय न्हाई. तुमाला पन शिकावं लागंल. आन् कुनाचा अंगठा बांधायचा न्हाई."

मास्तरांनी मान किती वाकवावी हे आम्हाला शिकवलेलंच होतं. तेवढी वाकवली. बाहेर मात्र सांगत सुटले, की त्या पोरीतले गुण आपण पहिल्याच दिवशी ओळखले होते.

पहिल्या रविवारी गिरणीवरच्या त्या माडीवर नऊ मुली आल्या. पुष्पावती फळ्याजवळ खडूचे तुकडे घेऊन उभी राहिली आणि एकेकीकडे न सांगता तुकडा फेकू लागली. ज्या हातानं झेलला, त्याप्रमाणे कागद कुठं ठेवायचा आणि कोणता अंगठा खाली टाकायचा ते ठरत गेलं. भागिरथी नावाच्या एकीनं डाव्या हातानं झेलला आणि घाईनं खडू उजव्यात घेतला.

"पाह्यलं मी," पुष्पावती म्हणाली. "लाजतीस काय? कागद उजवीकडं ठेव आन् बस."