म्हशीला सांगितलेल्या गोष्टी

आमच्या घरात बाईमाणसाला आधी खोकला ओळखता यावा लागायचा. इस्लामपूरजवळच्या एका खेड्यात लग्न होऊन आले, तेव्हा सासूबाईंनी मला पहिलं शिकवलं ते हेच. थोरले दारात खाकरले की पदर डोक्यावर, तोंड भिंतीकडं, आणि जमलं तर आतल्या खोलीत पसार. थोरले म्हणजे माझे भाया, नवऱ्याचे मोठे भाऊ. त्यांच्यासमोर यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही आणि त्यांचं नाव तर मुळीच घ्यायचं नाही.

मी इतकी गुणाची सून, की काही विचारू नका. एकदा शेणाची पाटी डोक्यावर घेऊन अंगणातून चालले होते, तोच मागून खाकरणं आलं. दोन्ही हात पाटीला. पदर ओढायला एक हात सोडला, पाटी कलंडली आणि शेण सगळं तोंडावर. पण तोंड झाकलं गेलं, मर्यादा राहिली! सासूबाई ती गोष्ट गल्लीभर सांगत सुटल्या आणि मी येडी पोर खुशीत, की आपलं कौतुक चाललंय.

पण घर म्हटलं की निरोप असतातच. माझा नवरा फौजेत, तो सुट्टीला येणार कधीमधी. जाऊबाई माहेरी गेल्या की थोरल्यांना सांगायचं कुणी? मग मी गोठ्यात जाऊन म्हशीला सांगायची.

"आवं, पेंड संपलीया. आवं, पोराच्या अंगात ताप हाय, डाक्टरकडं न्यायला पायजे."

भिंतीपलीकडं थोरले असायचे. थोड्या वेळानं पेंड यायची, सायकल बाहेर निघायची. त्यांना काही सांगायचं असलं तर ते तुळशीकडं बघून बोलायचे. "उद्या ऊसतोडीला टोळी येणार हाय. भाकरी जास्त लागतील." तुळस ऐकायची, मी पीठ मळायची.

पन्नासएक वर्षं असं चाललं. मधे माझा नवरा गेला, मागोमाग जाऊबाई गेल्या. घरात उरलो आम्ही दोघं आणि मधे ती म्हैस. तीच नव्हे, तिची पणती असेल.

माझ्या मुलाला वाढवलं, शिकवलं ते थोरल्यांनीच. तो लंडनला असतो. त्याला मुलगी झाली तेव्हा तो फोनवर हटून बसला, तुम्ही दोघं आल्याशिवाय बारसं करणार नाही. थोरल्यांनी तुळशीला सांगितलं, "पोरीचं तोंड बघून यावं म्हणतोय. मग काय व्हायचं ते हू दे." आणि स्वतः सांगलीला जाऊन चांदीचे वाळे करून आणले. प्रवासात ते बंडीच्या आतल्या खिशात, चंचीत, तंबाखू काढून टाकून ठेवले होते. तंबाखू सोडायला दुसरं कुठलंच कारण त्यांना पुरलं नव्हतं.

विमानात ते खिडकीशी आणि मी शेजारी. पन्नास वर्षं जे अंतर राखलं ते हात टेकायच्या एका दांडीवर येऊन बसलं. मी मान मधल्या वाटेकडं वळवून, पदर घट्ट धरून बसले. तिथं म्हैस नाही, तुळस नाही. थोरल्यांनी समोरच्या टीव्हीला सांगितलं, "पाणी मिळंल का बघावं." मी पुढच्या खुर्चीच्या पाठीला सांगितलं, "मागवते." पलीकडचा गोरा माणूस आमच्याकडं जरा काळजीनं बघायला लागला.

भर दुपार होती. खाली समुद्र चकाकत होता. थोरले खोकले.

माझा हात पदराकडं गेला. पदर पुढं ओढला आणि मी तोंड आणखी फिरवलं. सवय ती. त्यांचे सगळे खोकले मला पाठ होते. रानातून आल्याचा वेगळा, पाहुणे बरोबर असल्याचा वेगळा, रागाचा वेगळा. हा त्यातला नव्हता. हे डोक्यात शिरेपर्यंत ते पुन्हा खोकले आणि टीव्हीला म्हणाले, "छातीवर कुणीतरी बसल्यागत वाटतंय."

मी खुर्चीच्या पाठीला सांगितलं, "पट्टा सैल करावा."

मग त्यांची टोपी माझ्या मांडीवर पडली.

माझं हिंदी फौजी नवऱ्याकडून आलेलं, त्यात हुकूमच जास्त. मी उभी राहून ओरडले, "इधर आव, जल्दी!" विमानातल्या पोरी धावत आल्या. प्रवाशांत एक डॉक्टरीण निघाली, माझ्या सुनेच्या वयाची. थोरल्यांना मागं नेलं, जिथं जेवणाच्या गाड्या ठेवतात तिथं खाली निजवलं, नाकातोंडावर ऑक्सिजन लावला.

"आप इनकी पत्नी हैं?" डॉक्टरिणीनं विचारलं.

अशा वेळीही मी जीभ चावली. "नहीं नहीं. पती का बडा भाई."

कुठली गोळी चालू आहे, दुखणं कधीपासून, मला काही ठाऊक नव्हतं. त्यांच्या ताटात किती मीठ लागतं ते ठाऊक होतं. बंडीच्या खिशात मीच हात घातला. चंचीत वाळ्यांबरोबर गोळ्यांची पट्टी निघाली. डॉक्टरिणीनं ती वाचली, विमानातल्या पेटीतली एक गोळी त्यांना चघळायला दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, विमान मधेच उतरवतायत, पण वेळ लागेल. तोवर यांच्याशी बोलत राहा.

मी? यांच्याशी? मी इकडंतिकडं बघितलं. जेवणाची गाडी होती. गाडीला म्हटलं, "आता उतरनार हाय म्हणत्यात. जरा दम धरावा."

"माँजी, उनसे बोलिए. गाडी से नहीं."

मग तिनं नाव विचारलं. मी पासपोर्टच पुढं केला. तिनं वाचून हाका मारल्या, पण तिच्या तोंडी त्या नावाचं असं काही होत होतं, की थोरल्यांना ते आपलं वाटलंच नसेल. डोळे मिटलेलेच. मी त्यांचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. गार होता, बोटं खरखरीत.

मी नाव घेतलं. मोठ्यानं, पुऱ्या नावानं.

डोळे उघडले. त्यांनी तोंडावरचं ते जरा सरकवलं.

"नाव घेतलंस?"

"घेतलं."

"आजून एकदा घे बघू."

घेतलं. ते माझ्याकडंच बघत होते, आणि मलाही दुसरीकडं बघायचं सुचलं नाही.

"म्हशीला आवं म्हणायचीस," ते म्हणाले.

"मग काय म्हणू? तुमास्नी सांगायचं असायचं."

"काम नसलं तरी हुबा ऱ्हायचो. भिंतीआड." दम लागला, थांबले. "काय काय सांगायचीस तिला."

काय काय म्हणजे नुसती पेंड नव्हे. नवऱ्याचं पत्र आलं नाही, सासू बोलली, माहेरची आठवण येते, हेही मी त्या म्हशीपाशीच रडले होते. तोंड वर करून, मोकळ्या गळ्यानं, कुणी ऐकत नाही म्हणून. आता कळलं की पत्र आलं नाही म्हटलं की दुसऱ्या दिवशी थोरले पोस्टात का जायचे.

"पोरीचं तोंड," ते म्हणाले.

"दावते की. उतरलो की दावते."

मी वाळे त्यांच्या मुठीत दिले आणि मूठ माझ्या मुठीत धरली. विमान उतरेपर्यंत मी बोलत होते. उसाचं, पाटाच्या पाण्याच्या पाळीचं, म्हशीच्या पणजीचं. डॉक्टरिणीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, ती नाडी धरून मान हलवत होती.

विमान उतरलं ते वाळवंटातल्या कुठल्याशा शहरात. तिथल्या डॉक्टरांनी कसूर ठेवली नाही. मुलगा दुसऱ्या विमानानं निघाला होता, पण तो पोचायच्या आत, ऊन उतरता उतरता, थोरले गेले. मूठ मीच सोडवली.

गावी आणलं तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं. मी जवळ गेले, तर भावकीतली एक म्हातारी दंडाला धरून म्हणाली, "लांब ऱ्हा बाई. भाया हायत तुजं." मी लांब राहिले. पदर डोक्यावर घेतला. 

वाळे मुलाबरोबर पाठवले. नातीचे फोटो येतात, ती दिसते, हसते. काल फोन आला, पाऊल टाकायला लागली म्हणून. संध्याकाळी मी गोठ्यात गेले.

"आवं," म्हटलं, "पोरगी चालाय लागली. वाळं आता बारकं हुतंया तिला."

म्हशीनं मान वळवून बघितलं आणि पुन्हा रवंथ करायला लागली. मी जरा वेळ उभी राहिले. पेंडही संपली होती, तेही सांगून टाकलं.

सकाळी पिशवी घेऊन मीच गेले.