फाटकावरचा फोटो

“काढ गो तो हार! बाई जिती आसा अजून.”

आंटी असं म्हणाल्या आणि त्यांच्या फाटकापाशी सगळेच हसले. हार घालणारी शेजारीणही जीभ चावून हसली. नवी वस्तू आली की तिला हार घालायचा, एवढंच तिच्या डोक्यात होतं. झेंडूचा हार खाली उतरला, तेव्हा मागचा फ्लेक्स मला पुरता दिसला. त्यावर माझी आई होती.

मी गल्लीच्या वळणावर पिशवी घेऊन उभी होते. पिशवीत आमच्या दिवाळीच्या दिव्यांच्या माळा. तुळशीचं लग्न झालं की त्या आंटींकडे जातात आणि नाताळ संपला की परत येतात. मला कळायला लागल्यापासून हे असंच आहे. वाडीत आंटींचं धरून पाच-सहा ख्रिस्ती घरं आणि टोकाला आमचं. डिसेंबरात सगळी गल्ली उजळते. माडांना माळा गुंडाळतात, विहिरीपाशी येशूच्या जन्माचा गोठा मांडतात. आंटींचा मुलगा बोटीवर असतो. तो नाताळला रजा घेऊन येतो आणि बांबूच्या कामट्यांचा पुरुषभर उंच तारा करतो. कणकवली, सावंतवाडीहून लोक गाड्या काढून बघायला येतात. फाटकाशी पत्र्याचा एक डबा असतो. त्यात जे पडेल ते गावातल्या कुणातरी अडलेल्या घराला जातं.

यंदा ते घर आमचं होतं. आईच्या किडन्यांच्या उपचारांसाठी गोव्याच्या फेऱ्या सुरू होऊन वर्ष होत आलं होतं. आंटी डब्याचं विचारायला घरी आल्या, तेव्हा आई बराच वेळ पदराचं टोक दुमडत बसली. मग म्हणाली, “चलात. पण मी दर वर्षी येतंय तशी बघूक येतलंय हां. आणि डब्यात माझी नोट टाकतलंय.”

“तुझ्याच डब्यात तुझीच नोट?”

“मगे? फुकट बघू काय?”

त्या दिवसापासून आई रोज संध्याकाळी मला विचारायची, तारो पांढरो की तांबडो? साडी इस्त्री करून ठेवली होती. त्या गल्लीतून ती दर वर्षी अगदी सावकाश चालते, प्रत्येक घराच्या रोषणाईला नावं ठेवते आणि त्याच घरची नेवरी, म्हणजे नाताळची करंजी, खाते. यंदा पथ्यामुळे नेवरी नव्हती. नावं ठेवणं तेवढं उरलं होतं.

फ्लेक्सवरचा फोटो मावसभावाच्या लग्नातला होता. भरलेले गाल, केसांत अबोलीचा वळेसर. खाली लाल अक्षरांत ‘मदतीचा हात द्या’. आंटींचा मुलगा शिडीवर चढून तो सरळ करत होता.

“लाइट तोंडावर पडूक होयी,” शेजारीण खालून म्हणाली. “तोंड दिसला तरच लोक डब्यात हात घालतत.”

“घालतत की काढतत?” तो वरून म्हणाला.

“गप रे, मेल्या.”

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. फोटो असला तर डबा लवकर भरेल हे मलाही कळत होतं आणि तो भरायला हवाच होता. पण मला आई त्या फाटकातून येताना दिसत होती. लोक आधी फोटो बघणार, मग तिच्याकडे, मग तिच्या आताच्या गालांकडे. ती येणारच नाही. गुडघा दुखतोय म्हणेल आणि इस्त्रीची साडी परत कपाटात ठेवेल.

आंटींनी मला पाहिलं. “गो बाय, बघ. कसो दिसता फोटो?”

मी मान हलवली. ज्याला जो हवा तो अर्थ घेता येईल अशी.

“ता काय बोलतला?” शेजारीण माझ्याकडे बघत म्हणाली. “इंग्लिश शाळेत शिकला ना. बोलूचे पैशे पडतत तेका.”

शाळेत मराठी बोललं की खरंच दंड होता, पण ते इथे सांगून काय उपयोग. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं, मग मी ते मराठीत नीट लावते, आणि तोवर लोक पुढच्या विषयावर गेलेले असतात. आताही गेले होते. माळ कुठून फिरवायची यावर त्यांचं चाललं होतं. घरी आई मालवणीत बोलते आणि मी मराठीत उत्तर देते. वाडीत तर मी नुसती हसते. कुणाला तो माज वाटतो, कुणाला बुजरेपणा. मी कधी खुलासा केलेला नाही.

आंटींच्या मुलाने फ्लेक्सच्या शेवटच्या कोपऱ्याला तार लावली आणि पक्कड मागितली. शेजारणीने ती वर केली.

मी पिशवी खाली ठेवली. माझा आवाज हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला.

“फोटो लावू नकात, आंटी. आईक तारो बघूक येवचा आसा.”